वाळवंटी गुलाब : बीपासून वामनवृक्षापर्यंत

वनस्पतींच्या नावांत फसगत फार. सोनचाफा आणि देवळापुढचा पांढरा चाफा यांचे नाव एक असले तरी कूळ एक नाही. वाळवंटी गुलाब तर गुलाबाचा दूरचादेखील आप्त नव्हे. त्याची भावकी पाहावयाची असेल तर आपल्याच अंगणाकडे वळले पाहिजे. कण्हेर, तगर, बिट्टी, सदाफुली, पांढरा चाफा, सप्तपर्णी, रुई आणि कोकणातल्या जाळ्यांतले करवंद, ही सारी त्याची सगोत्र मंडळी होत. लहानपणी करवंदाच्या चिकाने ज्यांचे ओठ चिकटले असतील त्यांना या कुळाची ओळख पटवून देण्याची गरज नाही. मात्र करवंद खाण्याचे आणि हा पाहुणा न खाण्याचा, हा भेद जिवावर बेतणारा आहे. त्याविषयी पुढे सविस्तर येईलच.

शास्त्रीय नाव अ‍ॅडेनियम. रोपवाटिकांतही हेच नाव चालते. ‘एडन’ या अरबस्तानातील बंदरावरून ते पडले. आफ्रिकेत सहाराच्या दक्षिणेकडील कोरडा पट्टा, पूर्व आफ्रिका आणि अरबस्तानची दक्षिण बाजू हे त्याचे माहेर. १७६१ मध्ये डेन्मार्कच्या राजाने अरबस्तानाच्या अभ्यासासाठी विद्वानांची एक तुकडी पाठविली होती. तीत लिनियसचा शिष्य पेटर फोर्सकाल हा वनस्पतिशास्त्रज्ञ होता. येमेनमध्ये त्याने हे झाड पाहिले, त्याचे वर्णन लिहिले, आणि १७६३ मध्ये तेथेच तो तापाने वारला. त्याची टिपणे सांभाळली ती कार्स्टन नीबूर या सहकाऱ्याने. एकामागून एक सोबती गमावीत नीबूर त्याच वर्षी मुंबईस येऊन पोहोचला, १७६४ च्या अखेरपर्यंत तेथे राहिला, घारापुरीची लेणी त्याने मोजून काढली, आणि पुढे युरोपात परतल्यावर १७७५ मध्ये मित्राचा ग्रंथ प्रसिद्ध केला. फोर्सकालने या झाडाला कण्हेरीच्याच जातीत बसविले होते. ‘अ‍ॅडेनियम’ ही स्वतंत्र प्रजाती १८१९ मध्ये मानली गेली.

हे सारे सांगण्याचे कारण एवढेच की, झाडाचे माहेर ध्यानात असले म्हणजे त्याच्या संगोपनातील निम्मे प्रश्न आपोआप सुटतात. ज्या प्रदेशात आठ-आठ महिने पाऊस नाही तेथे जगण्यासाठी या झाडाने बुंध्यात आणि मुळांत पाण्याची कोठी बांधली आहे. बागवान या फुगवटीला ‘कॉडेक्स’ म्हणतात. आपण तिला गड्डा म्हणू. वामनवृक्ष म्हणून अ‍ॅडेनियमला जी शोभा आहे ती या गड्ड्याची. फूल हा केवळ अलंकार.

आता मुख्य विषय. बाजारात अ‍ॅडेनियम तीन प्रकारे मिळते : फांदी खोचून केलेले, कलम केलेले आणि बीपासून वाढविलेले. फांदी खोचून केलेल्या झाडाला मुळे फुटतात, पण जन्मतःच मिळणारा तो सुबक गोल गड्डा सहसा लाभत नाही. पूर्वी कित्येक ठिकाणी कण्हेरीच्या खुंटावर याचे कलम बांधीत. त्या झाडाला फुले अ‍ॅडेनियमची आणि बुंधा कण्हेरीचा, म्हणजे वामनवृक्षाच्या दृष्टीने ते निरुपयोगी. हल्ली बीपासून केलेल्या अ‍ॅडेनियमच्याच खुंटावर दुहेरी पाकळ्यांच्या, गडद लाल किंवा जांभळट रंगाच्या जातींचे कलम चढवितात. ती झाडे दिसायला आकर्षक असतात, आणि ज्याला केवळ सज्जा सुशोभित करावयाचा आहे त्याने ती खुशाल घ्यावीत. परंतु ज्याला आकार घडवायचा आहे त्याने बीपासूनच सुरुवात करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. बीपासून आलेल्या रोपाला कोणत्या रंगाचे फूल येईल हे आधी सांगता येत नाही. बहुतेक गुलाबी येते. रंगाचा हट्ट असेल तर गड्डा तयार झाल्यावर मनाजोगत्या रंगाचे कलम वर केव्हाही बांधता येते. उलट मात्र करता येत नाही. सुंदर फुलाखाली सुंदर गड्डा मागाहून बसविण्याची युक्ती अद्याप निघालेली नाही.

बी ताजे हवे. ही पहिली आणि सर्वांत महत्त्वाची अट. वर्षभर डब्यात पडलेले बी दहा पेरले तर दोन उगवते, आणि मग दोष मातीला दिला जातो. घरी फुलणारे झाड असेल तर बी घरीच धरता येते. आपल्याकडे शेंग आपणहून क्वचितच धरते, कारण या फुलाची रचना मोठी बंदोबस्ताची आहे. फुलाच्या नळीत पाच परागकोष एकमेकांस चिकटून शंकूच्या आकाराचे टोपण तयार करतात. त्यांच्या शेपटीसारख्या लांब टोकांचा झुबका आपल्याला नळीच्या तोंडाशी दिसतो. पराग या टोपणाच्या आत, वरच्या अंगाला असतो. तो स्वीकारणारा भाग त्याच्या खाली असतो. नळी एका बाजूने अलगद फाडावी, बारीक कुंचल्याच्या एकदोन केसांनी एका झाडाच्या फुलातील पराग उचलावा, आणि दुसऱ्या झाडाच्या फुलात टोपणाच्या तळाशी दोन परागकोषांमध्ये जी फट असते तिच्यातून आत सरकवावा. दहा फुलांत दोन शेंगा धरल्या तरी हात बसला असे समजावे. शेंगा जोडीने येतात, शिंगांसारख्या वळलेल्या. दोन-तीन महिन्यांत त्या पिकतात. तडकण्यापूर्वी त्यांना दोरा गुंडाळून ठेवावा किंवा पातळ फडक्याची पिशवी बांधावी. रुईची ‘म्हातारी’ हवेत तरंगताना आपण सर्वांनी पाहिली आहे. या बीला तसे झुबके एका नव्हे, दोन्ही टोकांना असतात. एकदा शेंग उकलली की सकाळच्या वाऱ्याबरोबर सारे बी शेजारच्या गच्चीवर.

पेरणीचा हंगाम आमच्या बडोद्याकडे फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंत. रात्रीचा गारवा गेला पाहिजे, आणि पावसाळ्यापूर्वी रोपाला तीन महिने तरी मिळाले पाहिजेत. पेरणीसाठी धुतलेली भरड वाळू आणि भिजवून पिळलेला काथ्याचा भुसा समभाग घ्यावा. खत मुळीच नको. बी आडवे ठेवावे, वर जेमतेम झाकेल इतकीच वाळू पसरावी, आणि फवाऱ्याने ओलावा राखावा. उबदार हवेत चौथ्या ते सातव्या दिवशी अंकुर वर येतो. दोन आठवड्यांत जे उगवले नाही त्याची आशा सोडावी.

उगवलेले रोप पाहताच नवख्या माणसाला आश्चर्य वाटते. दोन दळदार पाने आणि त्यांखाली एखाद्या इवल्याशा सुरईसारखा फुगीर देठ. गड्डा पहिल्या आठवड्यापासूनच दिसू लागतो. याच वेळी रोपे एकाएकी तळाशी काळी पडून आडवी होऊ लागली तर ती बुरशी होय. तिचे मूळ जास्त पाण्यात आणि कोंदट हवेत असते. रोगट रोप ताबडतोब उपटून टाकावे, बाकीच्यांना तांबेयुक्त बुरशीनाशकाचे सौम्य पाणी द्यावे आणि कुंडी वाऱ्यावर ठेवावी.

चार-सहा खरी पाने आली की रोपे वेगळी करावीत. आता माती कोणती? खरे पाहता माती कमीच. वाटाण्याएवढे विटांचे तुकडे किंवा भरड वाळू दोन भाग, पूर्ण कुजलेले शेणखत एक भाग, काथ्याचा भुसा एक भाग आणि मूठभर कोळशाचे तुकडे. विटांचा चुरा चाळून धूळ काढून टाकावी, नाहीतर तीच धूळ तळाशी बसून छिद्रे बुजविते. परीक्षा सोपी आहे : कुंडीत तांब्याभर पाणी ओतले की ते काही क्षणांत खालून वाहून गेले पाहिजे. इंदूरकडच्या मंडळींनी आपली काळी माती या मिश्रणात चुकूनही घालू नये. जी माती कपाशीला वरदान तीच या झाडाला शाप.

पहिल्या वर्षी आकाराच्या मागे लागू नये, नुसती वाढ होऊ द्यावी. कुंडी गड्ड्यापेक्षा दोन-तीन बोटे रुंद असावी, फार मोठी नसावी. मोठ्या कुंडीतले न वापरलेले पाणी मुळांभोवती साचून राहते. ऊन रोज किमान सहा तास. सावलीत वाढविलेले रोप उंच, किरकिरे होते, आणि मग कितीही छाटले तरी त्याला बाळसे येत नाही. वाढीच्या दिवसांत पंधरा दिवसांतून एकदा एक लिटर पाण्यात एक ग्रॅम या मानाने मिश्रखत द्यावे. थोडा हाडांचा चुरा मातीत घातल्यास उत्तम. युरियाचा मोह टाळावा. त्याने पाने मोठी होतात, बुंधा मऊ पडतो.

खरे शिल्पकाम सुरू होते ते दुसऱ्या वर्षाच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये, झाड हिवाळ्याच्या झोपेतून उठत असताना. आठवडाभर पाणी बंद ठेवून रोप कुंडीतून काढावे आणि मुळे धुऊन नीट पाहावीत. मधोमध खाली गेलेले सोटमूळ दिसेल. ते गड्ड्याखाली स्वच्छ, धारदार पात्याने कापावे. पाते आधी स्पिरिटने पुसून घ्यावे. ही कापणी करताना पुष्कळांचा हात थरथरतो, पण सोटमूळ ठेवले तर झाडाची सारी शक्ती खाली जाते आणि भोवतालची मुळे सुतासारखी बारीक राहतात. चोहोबाजूंची पाच ते आठ दमदार मुळे राखावीत. एकमेकांना ओलांडणारी, वर वळलेली काढावीत. कापलेल्या जागी बुरशीनाशक पूड लावून झाड सावलीत, वाऱ्यावर पाच-सात दिवस तसेच ठेवावे. न लावता, न भिजविता. गुलाबाचे रोप इतके दिवस उघडे ठेवले तर मरेल. हे मात्र उघडे ठेवले नाही तरच मरण्याचा संभव अधिक, कारण ओल्या जखमेतून कूज आत शिरते.

जखम सुकली की पुनर्लागण. गड्ड्याच्या तळाखाली एक सपाट चकती ठेवावी. फरशीचा तुकडा चालतो, निकामी झालेली सीडीही चालते. मुळे तिच्यावरून चाकाच्या आऱ्यांप्रमाणे चोहोकडे पसरावीत, लागल्यास बांबूच्या काड्या रोवून त्यांना दिशा द्यावी, आणि वर मिश्रण घालावे. खाली जाण्याची वाट बंद झाल्यामुळे मुळे आडवी जाड होतात. पहिले चार-पाच दिवस पाणी नाही. त्यानंतर बेताचे. दर वर्षी याच सुमारास झाड काढून, बारीक मुळे साफ करून, पूर्वीपेक्षा एक-दोन सेंटिमीटर वर लावीत जावे. चार-पाच वर्षांत मुळांचा तो पसारा जमिनीवर दिसू लागतो आणि वीतभर उंचीच्या झाडाला जुन्या वडाचा डौल येतो. भरूचजवळ नर्मदेतल्या बेटावरचा कबीरवड ज्यांनी पाहिला आहे त्यांना मी काय म्हणतो ते चटकन कळेल. नव्याने उघडी पडलेली मुळे कोवळ्या कातडीची असतात. पहिले पंधरा दिवस त्यांवर दुपारचे ऊन पडू देऊ नये, नाहीतर ती भाजून तेथे पांढरट खड्डे पडतात, आणि ते व्रण जन्मभर जात नाहीत.

वरच्या भागाची छाटणी त्या मानाने सोपी. एकच दांडा सरळ वर जात असेल तर तो वीतभर उंचीवर कापावा. खालून तीन-चार फुटवे येतात. त्यांतले योग्य दिशांचे ठेवून बाकीचे लहान असतानाच काढावेत. पुढच्या वर्षी त्या फांद्या अर्ध्यावर कापल्या की प्रत्येकीला पुन्हा दोन-तीन. फुले फांद्यांच्या शेंड्यांवर येतात, म्हणून जितके शेंडे तितकी फुले, हा हिशेब आहे. जपानी पद्धतीच्या वामनवृक्षांना तारेने वळवितात, तसे येथे फारसे करू नये. याची साल मऊ आणि रसदार आहे. तार रुतली की खूण राहते. फांदी खाली आणावयाची असेल तर तिला सुतळीने कुंडीच्या काठाशी बांधावे आणि दर पंधरा दिवसांनी गाठ पाहावी. पाच-सहा रोपे कोवळी असतानाच एकत्र घट्ट बांधून वाढविली तर त्यांचे बुंधे कालांतराने एकजीव होतात. तोही एक प्रयोग करण्याजोगा आहे, परंतु घाईच्या माणसाने त्याच्या वाटेस जाऊ नये.

आता या लेखातील सर्वांत उपयुक्त गोष्ट सांगतो. गड्डा अंगठ्याने हळूच दाबून पाहण्याची सवय लावावी. टणक लागला तर पाण्याची गरज नाही. मऊ लागला तर दोनच कारणे असतात, आणि ती परस्परविरुद्ध आहेत. माती कोरडी, गड्ड्यावर सुरकुत्या, पाने थोडी मलूल : झाड तहानलेले आहे, पाणी द्या, चार दिवसांत भरून येईल. माती ओली, गड्डा एका बाजूने पिचपिचीत, रंग तपकिरी, जवळ नाक नेले तर आंबूस वास : झाड कुजत आहे, आणि येथे पाणी देणे म्हणजे विष देणे. अ‍ॅडेनियमची बहुतेक मरणे या दोन मऊपणांतला फरक न ओळखल्याने होतात. पाने गळू लागली की प्रेमापोटी पाणी वाढविले जाते आणि झाड हातचे जाते. कूज आढळली तर त्याच दिवशी झाड उपटावे, मुळे धुवावीत, आणि सडलेला भाग पांढरा स्वच्छ गर लागेपर्यंत कापीत जावे. मधे थांबू नये. तपकिरी रेघ उरली तर पुन्हा सुरुवात होते. मग पूड लावून आठ-दहा दिवस सुकवून कोरड्या मिश्रणात लावावे. अर्धा गड्डा गेला तरी झाड पुष्कळदा वाचते, आणि वाचलेल्या झाडाला असा काही वेडावाकडा आकार येतो की तो मुद्दाम साधणार नाही. परगावी जाताना मात्र ‘झाडांना पाणी घाला’ असे शेजाऱ्यांना सांगताना या कुंडीकडे बोट दाखवून ‘हिला नको’ असेही बजावून जावे. दोन आठवडे पाणी न मिळाल्याने तयार झाड मरत नाही. शेजारधर्माने मरते.

कीड फारशी नाही. कण्हेरीवर आणि रुईवर येतो तो पिवळा मावा कोवळ्या शेंड्यांवर येतो. पिठ्या ढेकूण पानांच्या बेचक्यांत दडतो. उन्हाळ्यात लाल कोळी पानांचा रंग उडवितो. पाण्याची जोरदार पिचकारी आणि संध्याकाळी निंबोळी अर्काची फवारणी यांनी बहुधा भागते. एका रात्रीत सारी पाने फस्त झाली तर कण्हेरीवरच्या पतंगाची हिरवी, डोळ्यांसारखे दोन ठिपके असलेली अळी शोधावी. ती हातानेच वेचता येते.

विषाविषयी लिहावयाचे राहिले आहे, आणि ते घरातील आजीआजोबांनी तरी लक्ष देऊन वाचावे. कण्हेर आणि बिट्टी यांच्याप्रमाणेच या झाडाच्या चिकात हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करणारी द्रव्ये आहेत. पान, फूल, मूळ, बी, सर्व भाग विषारी. आफ्रिकेतील शिकारी लोक बाणांच्या टोकांना याचाच रस आटवून लावीत. छाटणी करताना हातमोजे घालावेत, डोळ्यांना हात लावू नये, पाते आणि हात साबणाने धुवावेत. रांगत्या मुलाच्या हाताला लागेल अशा जागी कुंडी ठेवू नये. त्या वयाला उंच कट्टा किंवा टांगता फळा हाच उपाय. कोणी चुकून पान खाल्ले तर घरगुती उपचारांत वेळ न घालविता झाडाचा तुकडा बरोबर घेऊन रुग्णालय गाठावे. आणि छाटलेल्या फांद्यांचे काय करता? आपल्या शहरांत भाजीची देठे गायीसाठी कोपऱ्यावर ठेवण्याचा प्रघात आहे. अ‍ॅडेनियमची छाटणी त्या ढिगात जाता कामा नये. ती कागदात गुंडाळून बांधून कचऱ्यात द्यावी, किंवा बागेत खोल पुरावी. पुण्य करावयास जावे आणि गोहत्येचे पाप लागावे, इतकी ही बाब गंभीर आहे.

झाडाला खुंटवून ठेवणे अशुभ, म्हणून वामनवृक्ष घरात नको, असे म्हणणारी वडीलधारी माणसे आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यांच्या भावनेचा मी अनादर करीत नाही. वड-पिंपळांच्या बाबतीत त्यांचे म्हणणे मला काहीसे पटतेही. जे झाड शंभर माणसांना सावली देण्यासाठी जन्मले ते ताटलीत उभे केलेले पाहून मलाही गुदमरल्यासारखे होते. परंतु येमेनच्या खडकांत पावसाअभावी जे झाड स्वभावतःच बुटके, जाडजूड आणि वाकडेतिकडे वाढते, ते कुंडीत तसेच वाढले तर त्यात त्याच्यावर कोणता अन्याय झाला? उलट काही जपानी पद्धतीचे जाणकार म्हणतात की हा खरा वामनवृक्षच नव्हे, कारण याचे खोड लाकडासारखे कठीण होत नाही आणि पाने लहान करता येत नाहीत. दोन्ही पक्ष आपापल्या जागी असोत. झाड मार्चमध्ये फुलते.

हवामानाचा विचार ज्याने त्याने आपल्या गावाप्रमाणे करावा. हैदराबादची कोरडी हवा याला सर्वांत मानवते. ग्वाल्हेरकरांना डिसेंबर-जानेवारीचा कडाका आणि धुके यांची काळजी घ्यावी लागेल. रात्रीचे तापमान १० अंशांच्या खाली जाऊ लागले की कुंडी भिंतीच्या आडोशाला किंवा घरात घ्यावी, पाने गळाली तर गळू द्यावीत, आणि फेब्रुवारीत नवा कोंब दिसेपर्यंत पाणी जवळजवळ बंद ठेवावे. बडोदे-इंदुरास हिवाळा सोसण्याजोगा असतो, पण श्रावणातील झडीत कुंड्यांवर पारदर्शक पत्रा हवाच. बेळगाव आणि गोवा येथील मंडळींची कसोटी मोठी. तेथे मृगापासून भाद्रपदापर्यंत कुंडी छपराखाली, पण उजेडात, जमिनीपासून विटेवर उचलून ठेवावी. पागोळ्यांखाली तर मुळीच नको. मातीच्या, न रंगविलेल्या कुंड्या वापराव्यात, मिश्रणात विटांचे प्रमाण तीन भागांपर्यंत वाढवावे, आणि हवेतल्या ओलाव्यावरच त्या महिन्यांत भागवावे. आठवड्यातून एकदा गड्डा दाबून पाहिला म्हणजे पुरे.